कायनेजवर (म्हणजे प्रोटीनवर फॉस्फेट बसवणाऱ्या एन्झाइमवर) पहिला सेमिनार देताय? सोलापूरच्या पीएचडीवाल्यांसाठी

पहिली गोष्ट, अख्खा सिग्नलिंग पाथवे (पेशीतल्या निरोपांची साखळी) स्लाइडवर चिकटवू नका, नुसते बाणच बाण दिसतात आणि मागे बसलेल्या एमएस्सीच्या पोरांना काही म्हणजे काही कळत नाही. एकच एन्झाइम घ्या. समजा पीकेए (प्रोटीन कायनेज ए) घेतलं, तर सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू येऊन चिकटतो, रेग्युलेटरी भागाची पकड सुटते आणि कॅटॅलिटिक भाग कामाला लागून एटीपीतला फॉस्फेट प्रोटीनच्या सेरीनवर नाहीतर थ्रिओनीनवर बसवतो, एवढं फळ्यावर खडूने काढलं तरी पुरे. फॉस्फेट काढणारं फॉस्फेटेज पण सांगा हां, क्रेब्स आणि फिशरना १९९२ चं नोबेल या बसवण्या-काढण्याच्या शोधासाठीच मिळालं.

वेस्टर्न ब्लॉट (अँटीबॉडीनं प्रोटीन पट्टीसारखं दाखवणारी चाचणी) दाखवताना फॉस्फो बँडखाली, म्हणजे फॉस्फेट लागलेल्या प्रोटीनच्या पट्टीखाली, टोटल प्रोटीनचा बँड पाहिजेच, नाहीतर फॉस्फोरिलेशन वाढलं की प्रोटीनच वाढलं, हा प्रश्न हमखास येतो. माझा पहिला ब्लॉट सगळा काळवंडला होता, दुधात ब्लॉक केलेला ना (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मोकळी जागा झाकतात ते), आणि दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन, म्हणजे फॉस्फेट असलेलं! तेव्हापासून बीएसएच (बोवाइन सीरम अल्ब्युमिन) वापरते. आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बर्फ बघता बघता वितळतो, आणि फॉस्फेटेज फॉस्फेट काढून टाकतं, म्हणून लायसेट करतानाच (पेशी फोडतानाच) बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर, म्हणजे त्याला अडवणारं रसायन, टाका, नंतर टाकून उपयोग नाही.

वेळ सकाळी अकराची ठेवा, बार्शी-पंढरपूरहून एसटीनं येणाऱ्यांना केगावला विद्यापीठात पोचायला जमतं. प्रश्न मराठीत विचारायला सांगा, मग बघा किती हात वर होतात.