ठरलेल्या लग्नातलं प्रेम: पेशवाईतल्या पुण्यावर प्रणयकादंबरी लिहिताना

आधी दशक पक्कं करा, नायक-नायिकेची नावं नंतर. ‘मध्ययुग’ हा शब्द आपल्याकडे फार ऐसपैस आहे. देवगिरीच्या यादवांपासून शनिवारवाड्यावरचं निशाण उतरेपर्यंतचं सगळं त्यात कोंबलं जातं. तेराव्या शतकातली सोयरीक आणि अठराव्या शतकातली सोयरीक एकाच मापानं बेतली की दोन्ही अंगाला बसत नाहीत.

पुण्यापुरतं बोलायचं तर तीन काळ हाताशी आहेत. पहिला, उजाड झालेला कसबा पुन्हा वसत असतानाचा, लाल महालाचा. तो १६६३च्या शाहिस्तेखानावरच्या छाप्यापर्यंत ताणता येतो. दुसरा, १७३० ते १७६१: शनिवारवाड्याची पायाभरणी ते पानिपत. तिसरा, नाना फडणवीसांच्या कारभाराचा. नवख्यानं दुसरा किंवा तिसरा घ्यावा, कारण त्या काळाचे घरगुती कागद भरपूर आहेत. सवाई माधवरावांच्या १७८३च्या लग्नाची व्यवस्था कशी लावायची याच्या याद्या शिल्लक आहेत. कोणाकडे कोणतं काम, कोणाचा मान कसा राखायचा, गर्दी कशी आवरायची, सगळं. लग्नाचा प्रसंग लिहिण्याआधी अशी एक तरी यादी वाचाच.

दशक ठरलं की गाव आपोआप ठरतं. कथा १७३५ची असेल तर नायिका पर्वतीच्या देवळात जाऊ शकत नाही. ते देऊळ १७४९चं. सदाशिव पेठ नाही, तुळशीबागेतला राम नाही, लकडी पूल नाही. तिला कसब्याचा गणपती आहे, जोगेश्वरी आहे, नदीचा घाट आहे. तेवढ्यात भागवा.

सोयरीक हिशेबानं लिहा

प्रेम खरं वाटायचं असेल तर आधीचा व्यवहार खरा वाटला पाहिजे. बहुतेक हस्तलिखितांत लग्न ‘घरच्यांनी ठरवलं’ या दोन शब्दांत उरकतं आणि पुढच्या दहा पानांत नायिका उसासे टाकते. वाचकाला कळतच नाही की तिला नेमकं कशात गुंतवलंय. कोणी मध्यस्थी केली, कुणाचं कर्ज फिटलं, कुठल्या वतनाकडे डोळा होता, हे दोन-तीन पानांत रोखठोक येऊ द्या.

राजघराण्यांत तर हे उघडच असे. शिवाजी महाराजांचं सईबाईंशी लग्न म्हणजे फलटणच्या निंबाळकरांशी नातं. शिर्क्यांशी साटंलोटं झालं: येसूबाई संभाजीराजांना दिल्या, महाराजांची राजकुंवर गणोजी शिर्क्यांना. पुढे वतनावरून तेच नातं विटलं. एका सोयरिकीत दोन पिढ्यांची कादंबरी दडलेली असते, ती अशी.

जातीनुसार नियम बदलतात, आणि इथेच जाणकार वाचक पकडतो. मराठा घरात देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह, जुळलं, दोघांचं एकच निघालं, तर लग्न मोडतं. ब्राह्मण घरात सगोत्र चालत नाही. मामाची मुलगी करून घेणं देशस्थांत आणि मराठ्यांत रूढ, कोकणस्थांत नाही; म्हणून ‘लहानपणापासून ओळखीची मामेबहीण’ ही प्रेमकथा कोकणस्थ वाड्यात रचू नका. कित्येक जातींत हुंडा नव्हे तर देज असे, म्हणजे पैसा मुलीच्या बापाकडे येई. विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागे, आणि त्यावर ‘पाटदाम’ नावाचा करही होता. दुसऱ्या लग्नातली प्रौढ प्रेमकथा लिहायची असेल तर पाटासारखी जागा नाही, आणि ती जवळजवळ कोणी वापरत नाही.

रकमा लिहिताना हात आवरा. शनिवारवाड्याच्या मूळ बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगतात. त्या पुण्यात एखाद्या कारकुनाच्या मुलीला लाखाचा हुंडा दिलात तर बाकीचं सगळं खोटं पडतं.

वयाचा प्रश्न

तो टाळता येत नाही. त्या काळी मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी होई. सवाई माधवराव स्वतः बोहल्यावर चढले तेव्हा नऊ वर्षांचेही नव्हते. मुलांच्या लग्नात प्रणय रंगवायचा नाही, आणि नायिकेला कारणाशिवाय बावीस वर्षांची कुमारिकाही करायचं नाही. चालणारी वाट अशी: लहानपणचं लग्न एका परिच्छेदात, कोरडेपणानं सांगून टाका. नवरा वकिलातीबरोबर किंवा फौजेबरोबर माळव्यात, उत्तरेत वर्षानुवर्षं राहिलाय. मुलगी माहेरी वाढलीये. कादंबरी उघडते तेव्हा ती विशीत आहे, तो पंचविशीच्या पुढे, आणि ती आता नांदायला येतेय. दोघं नवरा-बायको आहेत आणि अनोळखी आहेत. प्रणयकादंबरीला याहून चांगली मांडणी मिळायची नाही. वरून बेतलेली वाटत नाही, कारण घरं खरंच अशी चालत होती.

पंचांग उघडून बसा

लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत चालतात. मोहिमांचे दिवसही तेच: दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्याच्या तोंडाला परत. म्हणजे ज्या महिन्यांत लग्न लागतं, त्याच महिन्यांत पुरुष छावणीत असतो. तो चार दिवसांसाठी येतो, अक्षता पडतात, तो जातो.

आता पुढचं मोजा. तो ज्येष्ठाच्या अखेरीस परततो. पण नवी सून पहिल्या आषाढात माहेरी पाठवायची रीत. श्रावणात नागपंचमीसाठी तिला तिथेच ठेवून घेतात. समजा ती भाद्रपद शुद्ध तृतीयेला, गणपतीच्या आदल्या दिवशी, सासरी आली. तिथून आश्विन शुद्ध दशमीपर्यंत सदतीस तिथी उरतात. त्यातून पितृपंधरवड्याचे पंधरा काढा, नवरात्राचे नऊ काढा. उरले तेरा, तेही गौरी-गणपतीच्या पाहुण्यांनी भरलेले. त्यातले चार दिवस ती बाजूला बसली, तर नऊ. पहिल्या वर्षी दोघांना नऊ दिवस मिळतात. सासू दुष्ट दाखवायची गरजच उरत नाही. अडथळ्याचं काम पंचांगच करतं.

लग्न पुढे ढकलायचं असेल तर गुरू-शुक्राचा अस्त, अधिकमास, सिंहस्थातले वर्ज्य दिवस ही तयार कारणं आहेत. शकाचं वर्ष काढायला इसवी सनातून ७८ वजा करा. चैत्रापूर्वीचा प्रसंग असेल तर ७९.

वेळ घड्याळात सांगू नका. घटिका म्हणजे २४ मिनिटं, प्रहर म्हणजे तीन तास. लग्नघटिका मोजायला घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी सोडलेली असते. तिच्या बुडाला बारीक छिद्र. वाटी भरली आणि बुडली की एक घटिका. गोरज मुहूर्ताचा प्रसंग लिहाल तेव्हा सगळ्यांचे डोळे त्या वाटीवर ठेवा आणि नायकाचे अंतरपाटाखालून दिसणाऱ्या पावलांवर. एवढं पुरे. ‘सावधान’ ऐकून एकजण पळाले ते समर्थ झाले. तुमचा थांबलाय, त्याचं काय होतं ते सांगायचंय.

वाड्यात एकांत कुठे

शनिवारवाड्यात आज जोती दिसतात. १८२८च्या आगीत आतलं सगळं गेलं. म्हणून वाड्याचा अंदाज घ्यायला विश्रामबागवाडा पाहा आणि जिन्यावरून स्वतः चढून बघा. अरुंद, अंधारा जिना; एक माणूस उतरत असेल तर दुसऱ्यानं भिंतीला टेकायचं. दोघांची पहिली जवळीक तिथे घडू शकते, चांदण्यातल्या बागेत नव्हे. शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, फण्या, कुंकवाचे करंडे जवळून बघायला मिळतात. वस्तू हातात धरल्यावर जड लागते की हलकी, हे वाक्यात उतरतं.

कागदावर वाड्याचा नकाशा काढा: दिंडी, देवडी, चौक, सोपा, माजघर, कोठी, परसू, माडी. मग प्रत्येक खोलीत रात्री कोण निजतं ते लिहा. विधवा आत्या माजघरात, मुलं तिच्याभोवती, कुणबिणी मागल्या पडवीत. कुणबिणी विकत घेतलेल्या असत. त्यांना नुसत्या ‘प्रेमळ दासी’ करून सोडू नका. हा नकाशा तयार झाला की दोघांना एकटं गाठणं किती अवघड आहे हे तुम्हालाच कळेल. माडीवरचा दिवा उशिरापर्यंत जळला तर सकाळी कोठीत तेल मागायला येणारं माणूस आलंच, आणि त्याबरोबर सगळ्या घराला कळलंच.

ती त्याला काय म्हणेल

नाव घेणार नाही. ‘प्रिये’, ‘नाथ’ हे नाटकातलं. ती त्याच्याविषयी बोलेल ते ‘इकडून’, ‘इकडची स्वारी’ असं, आणि क्रियापद कर्मणीत जाईल. नमुना बघा. फसलेला मसुदा:

“तुम्ही आठ महिने मला एकटं सोडून गेलात! माझ्या मनाचा कधी विचार केलात?”

तोच प्रसंग, घर जागं असताना:

“इकडून दूध घेणं झालं नाही.”
“नको आहे.”
“आठ महिने पाठवायला कुणी नव्हतं. आज आहे, तर नको.”

तिनं पेला तिथेच ठेवला आणि वाकळ झटकायला घेतली.

तक्रार तीच, शब्द तिच्या घरचे. आवाज कधी चढतो आणि ‘इकडून’ सुटून ‘तुम्ही’ कधी येतं, हे कादंबरीत एकदाच वापरा, मध्यापुढे कुठेतरी. ते वाक्य वाचकाला कबुलीजबाबासारखं लागेल.

पत्र

छावणीतून नवरा थेट बायकोला पत्र घालतो आहे असं सरसकट दाखवू नका. पत्र काकांच्या नावे येतं आणि सोप्यावर मोठ्यानं वाचलं जातं. म्हणून प्रेम दुसऱ्याच मजकुरात लपवा. समजा भाद्रपदातल्या त्या नऊ दिवसांत दोघांनी परसात जाईचा वेल लावला. माघात काकांना पत्र येतं: फौजेची खबर, दाणावैरणीची टंचाई, उसनवारीचा हिशेब, आणि अखेरीस, “मागील परसांतील जाईचा वेल वाळों देऊं नये. बहुत काय लिहिणें.” काका म्हणतात, याला लढाईत वेलाची पडलीय. माजघराच्या दाराआड एकच माणूस ते वाक्य ओळखतं. उत्तर काकाच सांगणार, कारकून लिहिणार. तिला त्यात ‘वेल खुशाल आहे’ एवढे शब्द कसे घालून घेता येतील, हा अख्ख्या प्रकरणाचा विषय आहे.

पत्राची भाषा जमवायला पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापलेले आहेत. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात बसून घरगुती पत्रं तेवढी चाळा. मोडी शिकलात तर उत्तम, पण पहिल्या कादंबरीसाठी त्यावाचून अडत नाही. जुना घाट पत्रापुरताच ठेवा. निवेदनही बखरीच्या भाषेत लिहायला गेलात तर तिसऱ्या पानावर वाचक पुस्तक मिटतो.

कुठे घसरतं

सर्वांत आधी स्वयंपाकघरात. चहा, टोमॅटो, साबुदाणा काढून टाका. मुलगी बघायला मुलगा येतो आणि पोहे होतात, हाही पुढचा प्रकार. पाहायला वडीलधारी जात, मुलगा नव्हे. दागिने यादीसारखे ओतू नका. एका प्रसंगाला एक: नथ काढून ठेवण्याचा आवाज, किंवा गोठ सैल झालेत म्हणजे ती वाळलीये.

दुसरी घसरण सवतीची. तिला खलनायिका केलं की कथा मालिकेच्या वळणावर जाते. तिसरी थोरामोठ्यांची. थेऊरचे माधवराव-रमाबाई आणि मस्तानी यांवर इतकं लिहिलं गेलंय की तुमचं प्रत्येक पान तुलनेत सापडेल. शिलेदार, पोतनीस, वैद्य, सराफ यांची घरं मोकळी आहेत. थोर माणसं लांबून, पालखीत जाऊ द्या.

आणि पानिपत. नायक तिथे गेला की लेखक त्याला सहसा मारतो आणि नायिकेला सती पाठवतो, दोन पानांत मोकळा होतो. त्याच काळाच्या नोंदीत सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाई आहेत. ठरवून झालेलं लग्न, भाऊंचं दुसरं. १७६१नंतर नवरा गेला हे त्यांनी मानलंच नाही. १७८३मध्ये वारल्या तोवर, बावीस वर्षं, सौभाग्यलेणं उतरवलं नाही. मधे एक तोतया भाऊ म्हणून उभा राहिला, त्याची चौकशी झाली, त्याला देहदंड मिळाला. त्या दिवसांत वाड्यात काय वातावरण असेल, याचा विचार करून मग आपल्या नायिकेचा शेवट ठरवा.

मसुदा संपला की समासात प्रत्येक प्रसंगाची तिथी टाका आणि पंचांगाशी ताडून बघा. पितृपंधरवड्यात साखरपुडा निघाला, अमावास्येला चांदणं निघालं, तर तिथे पेन्सिलीनं गोल करा. पहिल्या मसुद्यात असे दहा-बारा गोल सहज निघतात.