ऑक्टोबर छाटणी: मोबाईलमुळे फवारणी वाढतेय की घटतेय?

द्राक्षबागांच्या आगाप (लवकरच्या) छाटण्या उरकल्या. आता सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ भागात मुख्य छाटणीची गडबड आहे. छाटणीनंतर आठ-बारा दिवसांत डोळे फुटतात आणि पोंग्यापासून (कोवळा कोंब उमलण्यापासून) फुलोरा सरेपर्यंत डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते. नेमके याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप गटांवर कुणाचे तरी फवारणीचे शेड्यूल फिरायला लागते. माळरानावरच्या बागेचे शेड्यूल कृष्णाकाठच्या काळ्या रानात कसे चालेल? धुके वेगळे, दहिवर वेगळे, पाणी वेगळे. तरी टाकी भरली जाते, कारण शेजाऱ्याच्या ब्लोअरचा (फवारणी यंत्राचा) आवाज आला!

बागेत मोबाईलवर आकडे दाखवणारे हवामान यंत्र बसवले असेल तर रोज सकाळी एक आकडा आधी बघा: रात्रीत पान किती तास सलग ओले राहिले. डाऊनीला हाच ओलावा लागतो, सोबत गार-दमट हवा. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाचे उलट आहे, तिला पानावर पाणी नको, ढगाळ दमट हवा पुरते. त्यामुळे रात्री कोरड्या गेल्या आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत पावसाचा अंदाज नसेल, तर डाऊनीची ठरलेली फवारणी पुढे ढकलता येते. मात्र पानाखाली पांढरी बुरशी दिसली, तर यंत्र काय म्हणते याची वाट बघू नका. एक फवारणी वाचली की औषध वाचते, डिझेल वाचते आणि ओल्या सरीतून ट्रॅक्टरची एक फेरी कमी झाल्याने जमीनही कमी दबते. यंत्राचा खर्च वसूल होतो तो इथे.

पण यंत्राची निगा कोणी राखत नाही. ओलावा मोजणाऱ्या पट्टीवर औषधाचा थर बसतो, ती साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसत चला. पाऊस मोजायच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला की धो-धो पडूनही शून्य दिसते. जमिनीतल्या सेन्सरची काळ्या रानात वेगळीच खोड. रान भेगाळले की त्याच्याभोवती हवा शिरते, अ‍ॅप ‘कोरडे’ सांगते आणि आपण वाफसा (पुरेशी ओल) असताना ठिबक सुरू करतो. ड्रिपरजवळची मूठभर माती उकरून दाबून बघा, गोळा झाला तर पाणी थांबवा. म्हैसाळ-टेंभू उपसा योजनांच्या पाण्याचे आवर्तन आले म्हणून जास्त सोडू नका.

यंत्र एकट्याने घेणे परवडत नसेल तर एकाच पट्ट्यातल्या चार-पाच बागायतदारांनी मिळून घ्यावे. वार्षिक फी किती, आणि फी थांबली तर जुन्या नोंदी मिळतात का, हे खरेदीआधी विचारा. सरकारी महावेध प्रकल्पाची हवामान केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत, हवामान खात्याचे मेघदूत अ‍ॅपही मोफत आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तुमच्या यंत्राच्या नव्हे, तर मंडळातल्या केंद्राच्या नोंदी धरतात, म्हणून आपले केंद्र कुठे आहे ते माहीत करून घ्या.

आता ऑनलाइन खरेदी. 2022 पासून परवानाधारकांना कीडनाशके ऑनलाइन विकायची मुभा आहे. स्वस्त दिसले म्हणून मागवण्याआधी विक्रेत्याचा परवाना बघा, आणि डबा आल्यावर नोंदणी क्रमांक, बॅच व मुदत तपासा. पक्के बिल जपून ठेवा. माझा जास्त रोख ‘फुगवण’, ‘चकाकी’ अशा नावांनी येणाऱ्या बाटल्यांवर आहे. जैव उत्तेजके, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी अशी द्रव्ये, 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. बाटलीवर घटक धड लिहिलेले नसतील तर ती बागेत नकोच. आत कीडनाशक मिसळलेले असले तर निर्यातीच्या वेळी अवशेष तपासणीत ते सापडते आणि प्लॉट नापास होतो, मग इतर सगळ्या फवारण्या मोजून-मापून घेतलेल्या असोत.

निर्यातीचा विचार असेल तर ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर) प्लॉटची नोंदणी किंवा नूतनीकरण आताच तालुका कृषी कार्यालयात विचारून करा. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस केलेल्या औषधांची यादी फोनमध्ये ठेवा, त्यात काढणीपूर्व किती दिवस थांबायचे ते दिलेले असते. फवारणी झाली की त्याच दिवशी तारीख, औषध, मात्रा आणि त्या रात्रीचा पानांचा ओलावा लिहा. मालाच्या वेळी आठवून भरलेली वही तपासणीत लगेच ओळखू येते.