हत्तीचा पाऊस बाकी आहे, सांडव्यातल्या गोण्या काढा

भाद्रपद सरत आला की नाल्यावरचा खासगी मातीचा बांध तुडुंब भरतो. सांडव्यावरून, म्हणजे जादा पाण्याच्या वाटेवरून, वाहून जाणारे पाणी बघवत नाही, रब्बी कांद्याचा हिशेब डोक्यात असतो, मग सांडव्याच्या तोंडात मातीच्या गोण्या रचल्या जातात. फूटभर पाणी वाढते. हस्त नक्षत्र, म्हणजे हत्तीचा पाऊस, कोरडे गेले तर मालक शहाणा ठरतो. पण नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव पट्ट्यात कित्येकदा खरा जोराचा पाऊस परतीच्या वाटेवरच गाठतो. तेव्हा जमीन आधीच भिजलेली आणि तळे काठोकाठ असते.

आकडे मांडून बघा. पाणलोट 10 हेक्टर, पाऊस तासाला 80 मिलिमीटर आणि त्यातले निम्मे वाहून आले, तर बांधाकडे सेकंदाला साधारण 1.1 घनमीटर पाणी येते. 4 मीटर रुंद सांडव्यावरून ते 30 सेंटिमीटर खोलीने जाते. सांडव्याचा उंबरठा बांधाच्या माथ्यापेक्षा 1 मीटर खाली असेल तर पाणी माथ्यावर चढायला 70 सेंटिमीटर उरतात. गोण्यांनी उंबरठा फूटभर वर आला की उरले 40. त्यात मासे जाऊ नयेत म्हणून तोंडाला जाळी बांधली आणि जलपर्णी, पालापाचोळा अडकून निम्मी रुंदी बुजली, तर पाण्याची खोली 47 होते आणि हातात राहतात 23. बांधाचा माथा मधोमध ट्रॅक्टरच्या चाकांनी वीतभर बसलेला असतोच. पाणी तिथूनच उतरते. मागच्या उताराची माती पायथ्याकडून कापली जाते, काप माथ्यापर्यंत चढतो आणि मग बांध वाचत नाही.

म्हणून गोण्या आजच काढा, आणि सांडव्याच्या कडेलाही ठेवू नका, पुरात त्याच आत येतात. खरी गरज असेल तर त्या माथ्यावरच्या खोलगट जागी रचा. खोलगट जागा डोळ्यांनी कळत नाही. गवंड्याचा लेव्हल पाईप घ्या आणि दर 5 मीटरला माप लावा. कायमची भर पाऊस संपल्यावर घालायची: जुना थर पहारीने खरवडून, ओलसर मातीचे 15 सेंटिमीटरचे थर देऊन, धुम्मसाने ठोकून. जाळी तोंडावर नको. लावायचीच तर तीन-चार मीटर आत, सांडव्याच्या तिप्पट लांबीची, कमानीसारखी, आणि पावसाच्या रात्री झाडायला माणूस हवा. मासे गेले तर जाऊ द्यावेत. मत्स्यबीज पुन्हा आणता येते.

जादा पाणी अडवायचेच असेल तर कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळा सरल्यावरच टाकतात, तोच नियम इथे धरा. मोसमी पाऊस जिल्ह्यातून परतल्याचे हवामान खात्याने जाहीर करावे, आणि आमच्या अंदाजाने चित्रा नक्षत्र अर्धे सरू द्यावे. त्याआधी सांडव्यात एकही गोणी नको.

पायथ्याला पाझर दिसला तर ते पाणी काचेच्या ग्लासात धरा. स्वच्छ असेल तर बादली भरायला किती वेळ लागतो ते रोज लिहून ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहतेय. अशा वेळी भोकात माती, सिमेंट किंवा प्लॅस्टिक कोंबायचे नाही, पाणी दुसरी वाट फोडते. तोंडावर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, वर दगड असा थर द्या. पाणी निघू द्या, माती अडकू द्या. सोबत पंप लावून तळ्याची पातळी उतरवा आणि खालच्या वस्तीला सांगा. एरवी मात्र ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागेसाठी तळे एकदम उपसू नका. दिवसाला वीतभर पुरे, नाहीतर आतला भिजलेला उतार घसरतो.

घुशींच्या बिळांसाठी धान्य 96, तेल 2 आणि झिंक फॉस्फाईड 2 भाग असे आमिष सांगितले जाते. पाखरांसाठी राखलेल्या तळ्यावर ते वापरू नका. विषाने मेलेली घूस मुंगूस, घुबडाने खाल्ली तर तेही मरू शकतात आणि घुशी खाणारेच कमी होतात. बीळ शेवटपर्यंत उकरा, ओलसर चिकणमातीने थराथराने ठोका. धामण दिसली तर हुसकू नका. 2019 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले तेव्हा खेकड्यांवर खापर फोडले गेले. बीळ धोक्याचे खरेच, पण खेकडा सांडव्यात गोण्या रचत नाही.

दुकानदार या दिवसांत ‘पाझर बंद’ पावडर आणि 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद गळ्यात मारतात. भरलेल्या तळ्यात पावडर टाकणे म्हणजे पैसे पाण्यात. बेंटोनाइट ही चिकणमातीची पावडर कोरड्या तळात माती मिसळून दाबली तरच काम करते. कागद शेततळ्याला ठीक. वन्यजीवांच्या तळ्याला लावला तर पाणी प्यायला उतरलेले जनावर निसरड्या उतारावरून वर येत नाही. आधीच लावला असेल तर एका कोपऱ्यात दगडगोट्यांची उतरंड करा, पाच फूट आडवे गेल्यावर एक फूट खोल अशी. सांडव्याला सिमेंटचे अस्तर सुचवतील. काळ्या मातीवर ते तडकते आणि पाणी खालून घुसते. हरळी लावा.

बाकी कामे:
- भरावावरची अंगठ्याएवढी रोपे मुळासकट उपटा. मोठी बाभूळ, सुबाभूळ आता तोडू नका, मुळे कुजून पोकळ वाटा होतात.
- जलपर्णी काढून सांडव्यापासून दूर टाका.
- काठाची पाणकणसे एका बाजूला राहू द्या. टिबुकली, पाणकोंबडी तिथेच असतात.
- नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्याकडे हिवाळी बदके येऊ लागली की तुमच्या तळ्यावरही उतरतील. काठावर शेकोट्या नकोत.
- थाई मागूर सोडू नका, बंदी आहे. डासांसाठी गप्पीही नको, बेडकांची पिल्ले संपवते.
- द्राक्ष छाटणीनंतरच्या हायड्रोजन सायनामाइड, बोर्डो या औषधांचे फवारणी पंप तळ्यावर धुऊ नका. मासे मरतात.
- उन्हाळ्यासाठी किमान 60 सेंटिमीटर पाणी राखा.
- ऑक्टोबरच्या उन्हात माथ्याला भेगा पडतील. त्यावर 15 सेंटिमीटर मुरूम.

ढग दाटले की टॉर्च, फावडे आणि आकडी घेऊन सांडव्यावर दोघांनी जायचे. एकट्याने नको, आणि वाहत्या सांडव्यात उतरायचे नाही. अडकलेले काढायचे ते काठावरूनच.