मे महिन्यात अलास्का क्रूझ: पुण्याहून जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

शाळांना मे महिन्यात सुट्टी असते, पुण्यात पारा ३९-४० ला टेकलेला असतो, आणि नेमका तेव्हाच अलास्काचा क्रूझ सीझन नुकता सुरू झालेला असतो, एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत चालतो तो. त्यामुळे आपल्याकडच्या फॅमिलीला मे सोडून दुसरा महिना जमतच नाही. आम्ही चौघं जाऊन आलो, मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, नातेवाईकांत सगळे तेच तेच विचारतात म्हणून एकदा नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मे मध्ये बर्फ, धबधबे, व्हेल हे बघायला जायचं. नदीत उभं राहून सॅल्मन पकडणारी अस्वलं बघायची असतील तर ती जुलै-ऑगस्टची गोष्ट आहे, कारण सॅल्मनचे मोठे थवे तेव्हा नदीत वर चढतात. मे मध्ये अस्वलं असतात पण ती थंडीच्या झोपेतून नुकती उठलेली, किनाऱ्यावरचं कोवळं गवत खाताना लांबून दिसतात, दुर्बीण लागते. नॉर्दर्न लाइट्स पण विसरा, तेव्हा रात्री सव्वानऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, नंतरही पूर्ण काळोख असा फार वेळ होत नाही. पण डोंगर अजून पांढरे असतात, वितळणाऱ्या बर्फामुळे धबधबे भरून वाहतात, डास कमी, गर्दी कमी, आणि भाडंही जुलैपेक्षा बरंच कमी. आणि पावसाच्या दृष्टीनेही मे-जून त्यातल्या त्यात बरे. त्यातल्या त्यात म्हणतेय, कारण केचिकन नावाचं जे बंदर लागतं तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या चौपट-पाचपट.

आता व्हिसा, इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आमची ट्रिप इथेच बुडत होती. क्रूझ एकतर कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघते किंवा अमेरिकेतल्या सिएटलहून. आमच्या एजंटने सांगितलं की सिएटलहून निघून सिएटललाच परत यायचंय ना, मग अमेरिकेचा व्हिसा पुरे. आम्ही निवांत. मग एके रात्री मी बुकिंगचा कागद नीट वाचायला घेतला तर सहाव्या दिवशी संध्याकाळी जहाज व्हिक्टोरियाला थांबणार असं लिहिलेलं, आणि व्हिक्टोरिया कॅनडात आहे! त्याचं कारण असं की अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, त्यानुसार परदेशी झेंड्याचं जहाज परदेशातलं एकही बंदर न घेता अमेरिकेच्याच बंदरांमधून प्रवासी फिरवून आणू शकत नाही, आणि ही मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, नेदरलँड्स अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून सिएटलवाली जहाजं कॅनडाचं एक बंदर घेतातच. तुम्ही तिथे खाली उतरा नाहीतर केबिनमध्ये झोपून राहा, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा नसेल तर सिएटललाच जहाजावर चढू देत नाहीत. आम्हाला हे कळलं तेव्हा निघायला अडीच महिने होते, व्हिसा आला पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. तर लक्षात ठेवा, कुठूनही निघा, अमेरिका आणि कॅनडा दोन्ही व्हिसा लागतात, आणि कॅनडाचा मल्टिपल एन्ट्री असलेला बरा.

क्रम असा ठेवा. आधी अमेरिकेचा बी१/बी२, म्हणजे टुरिस्ट व्हिसा, कारण त्याच्या अपॉइंटमेंटलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. बोटांचे ठसे आणि इंटरव्ह्यू दोन्हींसाठी मुंबई, कॉन्सुलेट बीकेसीला आहे, आजी-आजोबा बरोबर असतील तर पहाटेची धावपळ करू नका, आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. तो हातात आला की कॅनडाचा अर्ज ऑनलाइन भरायचा. आणि क्रूझचं बुकिंग असं घ्या की ठराविक तारखेपर्यंत कॅन्सल केलं तर डिपॉझिट परत मिळतं, ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. बँकेतून किंवा टूर कंपनीकडून पैसे भरताना टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो, सर्टिफिकेट मागून घ्या म्हणजे झालं.

रूट निवडताना सगळे केबिनच्या मागे लागतात, मी म्हणेन आधी कुठला ग्लेशिअर, म्हणजे हिमनदी, आहे ते बघा. मे मध्ये हे फार महत्त्वाचं आहे. एंडिकॉट आर्म, हबर्ड ग्लेशिअर अशा ठिकाणी सीझनच्या सुरुवातीला पाण्यात तुटलेला बर्फ इतका असतो की कप्तान बरेचदा लांबूनच जहाज वळवतो, शिवाय मे-जूनमध्ये त्या तरंगत्या बर्फावर सील माशांची, म्हणजे मासा नाही तो पण आपण म्हणतो तसं, पिल्लं जन्मतात त्यामुळे जहाजं अंतर ठेवून राहतात. ग्लेशिअर बे नॅशनल पार्क असलेला रूट मिळाला तर तो घ्या. तिथे दिवसाला फक्त २ मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी असते, पार्कचे रेंजर सकाळी छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माइकवरून माहिती सांगतात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेतले लोक तिथे आले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, सगळा बर्फच होता, आणि आज जहाज साठेक मैल आत जातं. हे रेंजरने सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली म्हणजे आपण ग्लेशिअरच्या जागेवरून चाललोय का. हो, तसंच.

त्या दिवसाचं नियोजन नीट करा, कारण आख्ख्या ट्रिपचे पैसे त्या एका दिवसात वसूल होतात. सकाळी लवकर नाश्ता उरकून वरच्या डेकवर पुढच्या बाजूला जागा धरा. मार्जरी ग्लेशिअरसमोर जहाज तासभर उभं राहतं आणि हळूहळू गोल फिरतं, त्यामुळे डावी बाजू की उजवी बाजू हा वाद तिथे संपतो. पाण्यावर साधारण २५० फूट उंच बर्फाची भिंत, आणि रंग पांढरा नाही, निळा, नीळ घातलेल्या धोतरासारखा, कारण दाबलेला जुना बर्फ प्रकाशातला लाल रंग शोषून घेतो. सगळे गप्प उभे होते. आधी भिंतीचा एक तुकडा निसटताना दिसला, अगदी आवाज न करता, पाणी उडालं, आणि मग दोन-तीन सेकंदांनी तो गडगडाट आला. तिथले मूळचे ट्लिंगिट लोक त्याला पांढरा गडगडाट म्हणतात. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तर तेव्हा मोबाइलमधून बघत बसू नका, आवाज आला की तिकडे कॅमेरा वळवून उपयोग नसतो, पडायचं ते पडून गेलेलं असतं, नजर भिंतीवर ठेवा.

कपडे. बंदरांवर मे मध्ये दिवसा १०-१४ अंश, रात्री ४-५, म्हणजे आकडा बघितला तर पुण्यातली डिसेंबरची पहाट, त्यामुळे लोक एक स्वेटर घेऊन जातात आणि फसतात. डेकवरचा वारा आणि बर्फावरून येणारी हवा ही वेगळीच असते. एक जाड कोट घेण्यापेक्षा एकावर एक घाला: आत थर्मल, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट, हुडवालं. छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे, आणि बूट वॉटरप्रूफच हवेत, यात काटकसर करू नका. ट्रेकिंगचं सामान घरात असेल तर निम्मं काम झालंच. सासूबाई साडीखाली थर्मल आणि वरून गुडघ्यापर्यंतचं जॅकेट अशा हिंडल्या, अजिबात अडलं नाही, आणि जहाजावर ज्या रात्री सगळे नटूनथटून जेवायला येतात त्या रात्री त्यांनी इरकल नेसली. आणखी एक, थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, पॉवर बँक आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

पुण्याहून जायचं तर दिल्लीमार्गे व्हँकुव्हर किंवा मुंबईहून युरोप नाहीतर आखाती देशांतून सिएटल असे पर्याय आहेत. ज्या दिवशी जहाज निघतं त्या दिवशी पोचायचं असं कधीच ठरवू नका, किमान २ दिवस आधी पोचा. व्हँकुव्हर आपल्या साडेबारा तास मागे, अलास्का साडेतेरा, झोपेचं पार खोबरं झालेलं असतं. आणि बॅग मागे राहिली तर ती समुद्रात तुमच्या मागे येत नाही, म्हणून औषधं, प्रिस्क्रिप्शन, एक थर्मल आणि जॅकेट हातातल्या बॅगेत. इन्शुरन्स घेताना क्रूझ आणि आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च दोन्ही त्यात लिहिलेत का ते वाचून घ्या, जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं.

खाण्याची काळजी शाकाहारी लोकांना असतेच. बुकिंग करतानाच व्हेज किंवा जैन असं लेखी कळवा, आणि पहिल्या रात्री डायनिंग रूमच्या हेड वेटरला भेटा, तो दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री दाखवतो आणि तुमच्यासाठी वेगळं करून देतो. आम्हाला रोज डाळ, भाजी, भात मिळायचा, किचनमध्ये सावंतवाडीचा एक मुलगा निघाला, त्याने सासूबाईंना एकदा चक्क सोलकढी सारखं काहीतरी करून आणून दिलं. सूप मात्र विचारून घ्या, दिसायला भाजीचं असलं तरी आत माशाचा किंवा कोंबडीचा स्टॉक असू शकतो. घरून भाकरवडी, चिवडा, मेतकूट, खाकरे न्या. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, छोटा कुकर हे जहाजावर काढून घेतात, तेव्हा गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा न्या, गरम पाणी बुफेत कधीही मिळतं. अमेरिकेत शिरताना खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर किंवा तोंडी सांगून टाका, ताजी फळं, भाज्या, मांस नेऊच नका.

बोट लागेल का हा प्रश्न. बेटांच्या आडून जाणारा इनसाइड पॅसेज बराचसा शांत असतो, मोकळा समुद्र लागतो तिथे तेवढं हलतं. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घेतली की कमी जाणवतं. ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून न्या आणि मळमळायला लागल्यावर नाही, आधी घ्या. आम्ही आलेपाक पण नेला होता, शेजारच्या टेबलावरच्या कॅनडियन आजींना इतका आवडला की अर्धा डबा त्यांनाच दिला.

बंदरांबद्दल थोडक्यात. जुनो ही अलास्काची राजधानी पण बाहेरून तिथे रस्ताच जात नाही, जहाज नाहीतर विमान. तिथे मेंडेनहॉल ग्लेशिअर आणि व्हेल बघायची बोट हे दोन्ही एका दिवसात होतं. हवाईहून परतलेल्या हंपबॅक व्हेल मे मध्ये तिथे खाण्यावर तुटून पडलेल्या असतात. स्कॅगवेला १८९८ ते १९०० मध्ये सोन्याच्या गर्दीच्या काळात बांधलेली नॅरोगेज रेल्वे आहे, व्हाइट पासची, २० मैलांत जवळजवळ ३००० फूट चढते, आपल्या बोरघाटाची सवय असलेल्यांनीही खिडकी सोडू नये अशी, आणि मे मध्ये वर रुळांच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग असतात. जाताना डाव्या बाजूला बसा. पासपोर्ट बरोबर ठेवा, काही फेऱ्या कॅनडात उतरवतात. हेलिकॉप्टरने ग्लेशिअरवर जायची सहल घेणार असाल तर ती बंदरांच्या पहिल्या दिवशीच्या बुकिंगला टाका, हवेमुळे रद्द झाली तर पुढच्या बंदरात दुसरं काही घ्यायला वाव राहतो, पैसे परत मिळतात. उंचावरच्या ट्रेकिंगच्या वाटा मे मध्ये बर्फाखाली असतात, खालच्या जंगलातल्या वाटा चाला.

जहाजावर परत यायची वेळ सुटण्याच्या किमान अर्धा तास आधीची असते, आणि घड्याळ जहाजाचं धरायचं, मोबाइलचं नाही, कारण अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे आहे आणि मोबाइल कधी काय दाखवेल भरवसा नाही. मोबाइल समुद्रात फ्लाइट मोडवरच ठेवा, जहाजाच्या नेटवर्कला आपोआप जोडला गेला तर रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. टिप माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यात लागते, चौघांचे सात दिवसांचे हिशोबात धरूनच बजेट करा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या एकदम खाली बंदरावर मिळतात. सकाळचे कपडे, बूट, औषधं आणि पासपोर्ट आधी बाजूला काढा आणि मगच बॅगेची चेन लावा.