काचेच्या दर्शनी भिंतीची जागेवरची गळती-चाचणी: आधी हवा, मग पाणी

मुंबईत मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो, आणि वांद्रे-कुर्ला संकुल किंवा लोअर परळ येथील काचेच्या व्यापारी इमारतींची गळती बहुधा त्यानंतर, म्हणजे आतले फॉल्स सीलिंग आणि जिप्सम बोर्ड लागून गेल्यावर, उघडकीला येते. त्यामुळे कर्टन वॉलची, म्हणजे या काचेच्या दर्शनी भिंतीची, पहिली चाचणी काही पॅनेल बसताच, आतील सजावट आणि स्लॅबच्या कडेचा अग्निरोधक भराव होण्यापूर्वी घ्यावी. कारण भराव झाल्यावर दोन मजल्यांच्या पॅनेलमधला स्टॅक जॉइंट आतून दिसतच नाही. काम निम्मे झाल्यावर आणि संपत आल्यावर ती पुन्हा घ्यावी, आणि या चाचण्यांची संख्या व जागा कंत्राटातच लिहून ठेवाव्यात.

बहुतेक साइटवर थेट पाणी मारण्याची घाई असते, पण हवेची चाचणी आधी करणे अधिक शहाणपणाचे आहे. आधुनिक युनिटाइज्ड, म्हणजे कारखान्यात जुळवलेल्या पॅनेलच्या, कर्टन वॉलमध्ये बाहेरचे गॅस्केट (सांध्यातली रबरी पट्टी) सगळे पाणी अडवील अशी अपेक्षाच नसते. थोडे पाणी आतल्या पोकळीत येते, तिथल्या निचऱ्याच्या खाचेत साचते आणि वीप होलमधून, म्हणजे निचऱ्याच्या छिद्रांतून, बाहेर जाते. पोकळीतला दाब बाहेरच्या वाऱ्याच्या दाबाइतका राहिला, तर पाणी आत ढकलले जात नाही. मात्र हा समतोल आतल्या हवाबंद रेषेवर, म्हणजे खोलीच्या बाजूच्या सलग सीलवर, अवलंबून असतो, आणि ती रेषा एखाद्या कोपऱ्यात फाटकी असेल, तर पोकळीतली हवा खोलीत निसटते व पाणीही तिच्यामागे ओढले जाते.

हवेच्या चाचणीसाठी, म्हणजे एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या ई ७८३ पद्धतीने, आतल्या बाजूला प्लायवूड आणि पॉलिथिनची बंदिस्त पेटी उभारून ब्लोअरने हवा खेचावी आणि दाबातला फरक मॅनोमीटरवर वाचावा. प्रथम बाहेरून पूर्ण नमुना, म्हणजे चाचणीसाठी निवडलेला भिंतीचा भाग, पॉलिथिनने झाकून मोजणी करावी. या वेळी दिसणारा प्रवाह हा पेटीच्या स्वतःच्या फटींचा असतो. नंतर आवरण काढून पुन्हा मोजावे, आणि दोन्हींतला फरक ही भिंतीची खरी गळती समजावी. पहिली मोजणी टाळणारा अहवाल स्वीकारू नये. गळती मर्यादेबाहेर असेल, तर पेटीत दाब वाढवून आतून धूर सोडल्यास तो बाहेर नेमका कोठून पडतो हे दिसते.

पाण्याच्या चाचणीत, म्हणजे एएसटीएम ई ११०५ मध्ये, हीच पेटी वापरून आतला दाब कमी ठेवतात आणि बाहेर गोंडोलावरून (दोरांवर लोंबकळणाऱ्या पाळण्यावरून) टांगलेल्या फवारणीच्या जाळीतून दर चौरस मीटरला मिनिटाला ३.४ लिटर या प्रमाणात पाणी मारतात. बारा चौरस मीटरच्या नमुन्याला पंधरा मिनिटांत सहाशे लिटरहून अधिक पाणी लागते, तेव्हा विसाव्या मजल्यावर टाकी आणि पंप आदल्या दिवशीच तयार हवेत. जागेवरचा दाब प्रयोगशाळेतील मंजूर दाबाच्या दोन-तृतीयांश ठेवण्याची प्रथा आहे: प्रयोगशाळेत ६०० पास्कल, तर साइटवर ४००. हा दाब सेकंदाला सुमारे २६ मीटर वेगाच्या वाऱ्याइतका आहे, आणि तो पाण्याचा सुमारे ४० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकतो. म्हणून निचऱ्याच्या खाचेचा आतला काठ याहून ठेंगणा असेल, तर सीलंट कितीही नीट भरले तरी पाणी काठावरून आत येणार. हे ड्रॉइंगवरच तपासता येते, आणि तेथे आढळलेली चूक साइटवरच्या चुकीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

नमुने निवडताना पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशेचे कोपरे घ्यावेत, कारण पावसाळी वारा मुख्यतः तिकडून येतो. माल चढवण्याच्या हॉइस्टसाठी मोकळी ठेवलेली आणि शेवटी घाईने बंद केलेली पॅनेल तर अवश्य तपासावीत. माझ्या मते संशयाचा पहिला मान त्यांचाच.

गळतीची जागा शोधण्यासाठी आमा (एएएमए) या अमेरिकी उत्पादक संघटनेच्या ५०१.२ या मानकातली होजची, म्हणजे पाण्याच्या नळीची, पद्धत आहे. ठरावीक पितळी नोझलवर ३० ते ३५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब ठेवून, सुमारे एक फुटावरून, दीड मीटर लांबीच्या सांध्यावर पाच मिनिटे पाणी मारावे. उंचीच्या दर दहा मीटरला सुमारे १४ पीएसआय दाब घटतो, त्यामुळे दाबमापक पंपाजवळ नव्हे, नोझलजवळ असावा. सुरुवात सर्वांत खालच्या सांध्यापासून करून वर जावे. वरून सुरुवात केल्यास ओघळणारे पाणी खालच्या फटीतून शिरते आणि दोष वरच्या सांध्याच्या माथी मारला जातो. ही पद्धत कायम बंद राहणाऱ्या सांध्यांसाठीच आहे. उघडणाऱ्या खिडक्यांवर ती वापरू नये.

निचऱ्याच्या खाचेत साचून बाहेर वाहून गेलेले पाणी म्हणजे अपयश नव्हे. पाणी गळते म्हणून वीप होलमध्ये सिलिकॉन भरणे हा मात्र सर्रास दिसणारा आणि सर्वांत घातक उपाय आहे, कारण त्याने निचराच बंद होतो. दुरुस्ती आतल्या हवाबंद रेषेवर करावी. एकघटक सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पृष्ठभागाकडून आत हळूहळू, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर, पक्के होते. तेव्हा खोल सांध्याची फेरचाचणी दुसऱ्याच दिवशी न घेता उत्पादकाने सांगितलेला काळ उलटल्यावर, त्याच दाबाने आणि त्याच नमुन्यावर घ्यावी, आणि दुरुस्तीची तीच पद्धत आधी बसवलेल्या सर्व पॅनेलवर लागू झाल्याची नोंद मजलानिहाय छायाचित्रांसह ठेवावी.