जुन्या रिअर-व्हील गाडीला एलएसडी निवडताना: कोकणातला पाऊस, जांभा आणि घाट

पावसाळ्यात ॲम्बॅसडर, पद्मिनी, ओम्नी किंवा जुनी टू-व्हील जीप घराच्या चढणीवर अडकते, तेव्हा बहुतेक वेळा मागचं एकच चाक गरागरा फिरत असतं. दुसरं चांगल्या चिऱ्यावर उभं असूनही ढिम्म हलत नाही. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरांचा संच) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, आणि तो किती द्यायचा हे ठरवतं निसरड्यावरचं चाक. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजेच एलएसडी, हा त्यावरचा उपाय खरा, पण त्याचे तीन-चार प्रकार आहेत आणि एकाचं काम दुसरा करत नाही. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी आपलं चाक नेमकं कसं फिरतं ते बघायचं: शेवाळावर घसरतं, की चाकोरीत लटकून हवेत फिरतं?

हा फरक आकड्यांत बघू. गाडी ११०० किलोची, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर, चढ आठास एक. नुसतं गाडीचं वजन वर ढकलायला मागच्या दोन चाकांत मिळून साधारण ४०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. शेवाळावरचं चाक १५० पेक्षा जास्त पेलत नाही असं धरा. ओपन डिफरन्शियल दुसऱ्यालाही १५०च देणार; एकूण ३००, गाडी जागेवर. गिअरवालं एलएसडी, ज्याचं बायस रेशो २.५ आहे, ते पकड असलेल्या चाकाला १५० च्या अडीचपट म्हणजे ३७५ देतं. एकूण ५२५, गाडी चढते. प्लेटवालं, म्हणजे आतल्या घासणाऱ्या प्लेटांनी दोन चाकं बांधणारं, १०० न्यूटन-मीटर प्रीलोड (प्लेटांवरचा कायमचा दाब) आणि ४० टक्के लॉकचं (एकूण टॉर्कच्या इतका फरक दोन चाकांत पाडणारं), ६५० च्या वर जातं.

आता तेच चाक हवेत आहे असं धरा. गिअरवाल्याचं गणित शून्य गुणिले अडीच, म्हणजे शून्य. प्लेटवालं प्रीलोडच्या जोरावर १७० च्या आसपास देतं. सपाटीवर गाडी निघेल, या चढावर नाही. इथे पूर्ण लॉक होणारंच डिफरन्शियल, म्हणजे लॉकर, लागतं. बागेतल्या चाकोऱ्यांत आणि कातळावरच्या खळग्यांत जीप रोज एक पाय वर करत असेल, तर गिअरवाल्यावर पैसे घालून उपयोग नाही, मग ते कितीही नावाजलेलं असो.

प्रकार आणि ते कुणाच्या कामाचे

गिअरवालं म्हणजे टॉर्सन किंवा क्वाइफच्या पद्धतीचं. आत प्लेटा नाहीत, झिजणारं फारसं काही नाही, तेलात वेगळं औषध नको. पकड हळुवार येते आणि सुटतेही हळुवार. पावसात आंबा घाट किंवा कुंभार्लीच्या ओल्या वळणावर गाडी झटका देत नाही. ॲम्बॅसडर-पद्मिनीसारखी, मुख्यतः डांबरी रस्त्यावर फिरणारी गाडी असेल आणि मापात बसणारं मिळत असेल, तर आमची पसंती यालाच. चाक हवेत गेलंच तर एक युक्ती चालते: ॲक्सिलरेटर देतानाच ब्रेक हलका दाबून धरायचा. फिरणाऱ्या चाकाला विरोध मिळाला की त्याच्या अडीचपट टॉर्क दुसरीकडे जातो. त्यातून त्या चाकाचा स्वतःचा ब्रेक वजा केला तरी गाडी ढकलण्याइतका उरतो. ओपन डिफरन्शियलमध्ये ही वजाबाकी शून्यावर येते, म्हणून तिथे ही युक्ती फुकट जाते. हँडब्रेकने हे करायचं असेल तर तो कुठे लागतो ते आधी खाली वाकून बघा. सीजे-३बी घराण्यातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नव्हे, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टला लागतो. तो ओढला तर दोन्ही चाकं एकत्रच अडतात.

प्लेटवाल्याची खरी सोय म्हणजे ते उघडून बांधता येतं. प्लेटा, शिम आणि वेळ असला की जाणता मेकॅनिक प्रीलोड पुन्हा बसवू शकतो. घेताना रॅम्पचा, म्हणजे प्लेटा दाबणाऱ्या आतल्या उताराचा, कोन विचारा. ४५/९० असं लिहिलं असेल तर पहिला आकडा ॲक्सिलरेटर देतानाचा, दुसरा सोडल्यावरचा. बहुतेक कंपन्यांच्या हिशेबात आकडा लहान तितकी पकड जास्त, आणि ९० म्हणजे पकड नाहीच. ४५/४५ हे टू-वे: घाट उतरताना पाय उचलला की मागची चाकं एकमेकांना बांधली जातात, गाडी वळायला कुरकुरते आणि ओल्यात शेपूट बाहेर काढायला बघते. आपल्याकडच्या उतारांना वन-वे (पाय उचलल्यावर पकड नाही) किंवा फार तर दीड-वे (पाय उचलल्यावर थोडी पकड). ट्रॅकवर ड्रिफ्ट मारणाऱ्यांचा सल्ला फोंडा घाटात कामाचा नाही.

आपोआप लॉक होणारं, ईटनच्या पद्धतीचं, महिंद्रावाल्यांना ठाऊक आहे. २०१५ च्या थार सीआरडीईला मागे असं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आलं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की ते 'खट' करून पूर्ण लॉक होतं, आणि साधारण ३० किलोमीटरच्या वर लॉक होत नाही. हवेतल्या चाकाला हे चालतं. हवेच्या दाबाने चालणारा एआरबीसारखा लॉकर आपण बटण दाबू तेव्हाच लॉक होतो, हे उत्तमच. मात्र कंप्रेसर, नळी आणि वायरिंग खाऱ्या हवेत जपावं लागतं. मूळ डिफरन्शियलच्या पिंजऱ्यातच बसणारे स्वस्त लॉकर मिळतात, पण ओल्या घाटात ॲक्सिलरेटर कमी-जास्त करताना ते खाडकन सुटतात आणि धरतात. आखूड व्हीलबेसच्या जीपला ही सवय वाईट. व्हिस्कस आणि कोनवाल्या जुन्या युनिटच्या भानगडीत पडू नका. ती झिजली की दुरुस्ती अवघड.

डिफरन्शियलच्या आतले छोटे स्पायडर गिअर वेल्डिंग करून लॉक करणारे सर्वत्र भेटतात. रस्त्यावरच्या गाडीला हे करू नये. प्रत्येक वळणावर टायर घासतात, हाफ-शाफ्टला पीळ बसतो, आणि वेल्डिंगचा तुकडा सुटला तर क्राऊनमध्ये (डिफरन्शियलच्या मोठ्या दातेरी चाकात) जातो.

एलएसडीने वाढणारा धोका

ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरत असताना दुसरं न फिरता जमिनीला धरून असतं, आणि तेच मागचा भाग बाजूला जाऊ देत नाही. दोन्ही चाकं एकदम फिरायला लागली की बाजूची पकड दोघांचीही जाते. पाणी वाहून जावं म्हणून एका अंगाला कललेली चढण, एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला गटार: अशा ठिकाणी एलएसडीवाली गाडी जोर दिला की पुढे जायच्या ऐवजी गटाराकडे सरकते. लॉकरवाली तर हमखास. म्हणून अशा चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, न थांबता जायचं. घसरायला लागली की पाय उचलायचा. आणि चढण आपली स्वतःची असेल तर आधी शेवाळ खरवडून ब्लीचिंग पावडर टाका. कुठल्याही एलएसडीपेक्षा ते स्वस्त पडतं.

टायरचंही तसंच. घासून गुळगुळीत झालेल्या टायरला एलएसडी लावून काही मिळत नाही. पाटे बसलेले, शॉक ॲब्सॉर्बर गेलेले असतील तर चाक उगाच उचललं जातं; ते आधी करून घ्या. मागच्या एक्सलवर वाळूच्या दोन गोणी टाकून बघा. तेवढ्याने गाडी चढली तर पैसे वाचले.

मापं घेताना

दोन्ही मागची चाकं स्टँडवर घ्या, पुढच्या चाकांना उटी लावा, गिअर न्यूट्रल. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर ओपन, गिअरवालं किंवा त्या वेळी न लागलेला लॉकर; त्याच दिशेने फिरलं तर प्लेटवालं, वेल्डिंग केलेलं किंवा लागलेला लॉकर. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय त्याचा अंदाज इथेच येतो.

रेशो काढायला एक चाक धरून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा, तोच रेशो. नक्की आकडा हवा तर उघडल्यावर क्राऊनचे दात भागिले पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) दात, जसं ४१ भागिले १० म्हणजे ४.१.

मागवण्याआधी कागदावर हे हवं: हाफ-शाफ्टच्या स्प्लाइनची (टोकावरच्या दातांची) संख्या आणि व्यास, क्राऊनच्या बोल्टांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास आणि बोल्टची जाडी, साइड बेअरिंगचे नंबर, आणि बेअरिंगच्या बैठकीपासून क्राऊनच्या बैठकीपर्यंतचं अंतर. नावावर जाऊ नका. 'डाना ४४' म्हटलं तरी काम संपत नाही: त्यात १९ आणि ३० असे वेगवेगळे स्प्लाइन आहेत, आणि ३.७३ पर्यंतच्या रेशोला एक केस, ३.९२ पासून पुढे दुसरी. जुन्या जीपच्या टेपर शाफ्टवाल्या एक्सलमध्ये दोन शाफ्टांच्या मधे थ्रस्ट ब्लॉक असतो. नव्या युनिटात त्याची सोय नसेल तर शाफ्टचा एंड-प्ले (आत-बाहेरची मोकळीक) बसणारच नाही. नेमकी हीच गोष्ट पार्सल फोडल्यावर लक्षात येते.

भंगारातल्या नव्या थारचा अख्खा एक्सल उचलायचा मोह होतो. तसं करायचं तर चाकांमधलं अंतर, पाट्यांच्या बैठका, ब्रेकची जोडणी आणि रेशो, चारही तपासा. गाडी फोर-व्हील असेल तर पुढचा-मागचा रेशो एकच लागतो. टू-व्हील असेल तरी रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटं सांगतो.

हाफ-शाफ्टही बघा. लॉकर लागला की इंजिनाचा सगळा जोर एकाच शाफ्टवर येऊ शकतो. स्प्लाइन पिळलेले दिसले, म्हणजे दातांची रेघ सरळ न जाता तिरकी गेलेली दिसली, तर शाफ्ट बदला. सेमी-फ्लोटिंग (चाक शाफ्टच्याच आधाराने असलेल्या) एक्सलमध्ये शाफ्ट तुटला की चाक शाफ्टासकट बाहेर येऊ शकतं.

बसवताना

जुनेच क्राऊन-पिनियन वापरणार असाल तर पिनियनला हात लावू नका. त्याची खोली आहे तशी राहू द्या. उघडण्याआधी बॅकलॅश (क्राऊन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजून लिहा, साइड बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी खूण करा. त्या अदलाबदल झाल्या तर बेअरिंग नीट बसत नाही. क्राऊन हातोड्याने ठोकून बसवू नये. गरम करून अलगद बसवा, बोल्ट नवे वापरा, थ्रेडलॉकर लावा, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. टॉर्कचा आकडा त्या एक्सलच्या मॅन्युअलमधलाच.

मग शिमांनी (पातळ चकत्यांनी) बॅकलॅश आणा. बऱ्याच लहान एक्सलना ०.१५ ते ०.२० मिलिमीटर चालतो, पण मॅन्युअल सांगेल ते प्रमाण. दातांना मार्किंग पेस्ट लावून फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. टोकाला किंवा बुडाला आला तर गाडी ५०-६० वर हूं करणार, आणि तो आवाज नंतर तेल बदलून जात नाही. डायल गेज नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका.

तेल जीएल-५, ८०डब्ल्यू-९० किंवा कंपनी सांगेल ते. प्लेटवाल्याला फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घासणं मऊ करणारं तेलातलं औषध) लागतो, सहसा एका एक्सलला १०० ते १२० मिलिलिटर. तेलात आधीच मिसळलेला असेल तर वरून टाकू नका. हळू वळताना मागून 'कड कड' आली तर मॉडिफायर कमी आहे. थोडा थोडा वाढवा. जास्त झाला तर प्लेटा धरणारच नाहीत. उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना जीएल-४ लागतं.

पहिली १५-२० मिनिटं हलकी चालवा, एक्सल पूर्ण थंड होऊ द्या. प्लेटवालं असेल तर मोकळ्या मैदानात हळू वेगाने इंग्रजी आठचे दहाएक फेरे मारा, म्हणजे प्लेटा बसतात. ८०० किलोमीटरला तेल बदला. चुंबकाच्या प्लगवर करडी पेस्ट आली तर ठीक. कण टोचण्याइतके मोठे असतील तर उघडा.

पाणी आणि मीठ

कोकणात एलएसडी झिजून मरण्याआधी पाण्याने मरतं. घाट चढून एक्सल तापलेला असतो, पुढच्या वाहाळात तो एकदम गार होतो, आत पोकळी तयार होते आणि ब्रीदरमधून (एक्सलच्या हवा जाण्यायेण्याच्या भोकातून) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल ताकासारखं झालं की प्लेटांची पकड आणि बेअरिंग दोन्ही जातात. ब्रीदरच्या टोपीऐवजी तेल सोसणारी रबरी नळी लावून ती चेसिसच्या वर, बॉडीखाली उंच नेऊन बांधा आणि तोंड खाली वळवा. चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यातून गेलात की आठवड्याच्या आत प्लग सैल करून तेलाचा रंग बघा. किनाऱ्याजवळच्या गाडीचा ड्रेन प्लग वर्षातून एकदा तरी सोडवून ग्रीस लावून बसवा, नाहीतर गंजून तो कायमचा बसतो.

समुद्राच्या वाळूवर एलएसडीची परीक्षा घ्यायला जाऊ नका. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी असतात, आणि खारं पाणी ब्रेक ड्रममध्ये जातं ते वेगळंच.

मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे आणि एकाच हवेचे ठेवा. एक नवा, एक जुना असेल तर सरळ रस्त्यावरही चाकांचे फेरे वेगळे पडतात आणि प्लेटा सतत घासत राहतात. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर पंक्चरच्या दुकानापर्यंतच न्या.

प्लेटा तपासायच्या असतील तर एक चाक वर, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटा, इतर चाकांना उटी. वरच्या चाकाच्या हबवर टॉर्क रेंच लावून चाक सरकेपर्यंत ओढा आणि आकडा बसवताना लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघा. हाताने सहज फिरलं तर प्लेटा संपल्या. आणि एक चाक जॅकवर असताना इंजिन सुरू करून गिअर टाकायचा नाही, कुणालाही टाकू द्यायचा नाही: जमिनीवरचं चाक ओढणार आणि गाडी जॅकवरून उडी मारणार. गॅरेजमध्ये गाडी सोडताना एलएसडी असल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा.