खपली गहू ओळखावा, कांडावा आणि शिजवावा कसा

मळणी होऊनही ज्याचा दाणा टरफलाबाहेर येत नाही, तो खपली गहू. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली, तर हा गहू निवडताना, साठवताना, कांडताना आणि पेरतानाही फारशी चूक होत नाही, कारण रोजच्या गव्हापेक्षा तो जिथे जिथे वेगळा वागतो, तिथे बहुतेक वेळा त्या टरफलाचाच हात असतो.

ओळख ओंबीपासून करावी. पूर्ण वाळलेली ओंबी तळहातावर घेऊन चोळली, तर साध्या गव्हाचे दाणे मोकळे होऊन पडतात. खपलीची ओंबी मात्र सांध्यासांध्यावर तुटते आणि हाती दाण्यांऐवजी कणिशके येतात. एक कणिशक उजेडात धरून पाहावे. दोन ताठ, जाड तुषे, टोकाला कुसळे, खाली ओंबीच्या दांड्याचा पाचरीसारखा तुकडा आणि आत पोटाला पोट लावून बसलेले बहुधा दोन दाणे असतात. शास्त्रीय नावातील ‘डायकोकम’ या शब्दाचा अर्थही ‘दोन दाण्यांचा’ असाच आहे. आइनकॉर्न नावाच्या दुसऱ्या प्राचीन गव्हात सहसा एकच दाणा असतो. सोललेला दाणा पुढ्यात आला, तर त्याची लांबट, निमुळती चण आणि पाठीवरचा उंचवटा पाहावा. पण केवळ दाण्यावरून छातीठोक सांगणे कठीण असते.

टरफल असे का, याचे उत्तर वंशावळीत आहे. खपलीत २८ गुणसूत्रे असतात. ट्रिटिकम उरार्टू हा रानगहू आणि एजिलॉप्स वंशातील एक गवत यांच्या नैसर्गिक संकरातून रानटी एमर (एमर हे खपलीचेच इंग्रजी नाव) तयार झाला आणि सुपीक चंद्रकोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पश्चिम आशियाच्या पट्ट्यात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसाने त्याला शेतात आणले. हा रानटी पूर्वज १९०६ साली आरन आरनसन या वनस्पतिशास्त्रज्ञाला आजच्या इस्रायलमधील गॅलिलीत रोश पिन्नाजवळ उगवलेला आढळला. रानात ओंबी पिकली की आपोआप विखुरते. दिवसाच्या कोरड्या हवेत कुसळे फाकतात, रात्रीच्या दमटपणाने जवळ येतात आणि अंगावरच्या सूक्ष्म केसांमुळे कणिशक मागे न सरकता हळूहळू मातीत शिरते. शेतात आलेल्या खपलीने विखुरण्याची सवय सोडली, दाण्याला कवटाळून बसण्याची नाही. तीही पुढे ड्युरम या सुट्या दाण्याच्या गव्हाने सोडली. पावाचा ४२ गुणसूत्रांचा गहू हा अशाच २८ गुणसूत्रांच्या गव्हाचा आणखी एका रानगवताशी संकर होऊन आलेला आहे.

आता कांडण. पहिल्या खेपेला मी कणिशके कोरडीच उखळात घातली आणि जोरात मुसळ चालवले. निम्मे दाणे तुटले आणि टरफले जागची हलली नाहीत. नंतर कळले की कणिशकांवर आधी थोडे पाणी शिंपडून ती जरा वेळ झाकून ठेवावी लागतात. तुष ओलसर झाले की लवचीक होते आणि मुसळाखाली कणिशके एकमेकांवर घासून दाणे सुटे होतात. घाव हलके आणि सारखे असावेत. खरे काम घासण्याने होते, ठोकण्याने नाही. मग सर्व पसरून पूर्ण वाळवावे, सुपात पाखडावे, चाळणीने चाळावे आणि उरलेली अखंड कणिशके पुन्हा उखळात टाकावीत. साधारण पाव हिस्सा वजन टरफलातच जाते, तेव्हा उतारा पाहून निराश होऊ नये. लागेल तेवढेच कांडणे शहाणपणाचे, कारण टरफलात असेपर्यंत दाण्याला कीड आणि ओल यांपासून बरेच संरक्षण मिळते.

तयार दाणे विकत घेताना नावाचा घोळ होतो. इटलीत ‘फारो’ हे नाव तीन गव्हांना लागते: मध्यम फारो म्हणजे खपली, लहान म्हणजे आइनकॉर्न आणि मोठा म्हणजे स्पेल्ट हा टरफलाचाच आणखी एक गहू. तस्कनीतील गार्फान्याना खोऱ्यातील खपलीला १९९६ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. पाकिटावर ‘पेर्लातो’ असे असेल, तर दाण्यावरचा कोंडा घासून काढलेला असतो. असा दाणा न भिजवताही २० ते ३० मिनिटांत शिजतो. अखंड दाणा रात्रभर भिजवून तिप्पट पाण्यात मंद आचेवर पाऊण ते एक तास ठेवावा. दाणा फुलून कुठेकुठे फुटला, पण दाताखाली अजून किंचित प्रतिकार करत असला, की उतरवून उरलेले पाणी निथळावे. ते पाणी फेकू नये. रश्शाला त्याने चांगला दाटपणा येतो.

पिठाची गोष्ट वेगळी. इजिप्तमध्ये हजारो वर्षे पाव या गव्हाचा होत असे आणि बिअरही यापासून व जवापासून गाळली जात असे; ग्रीक राजवटीत सुट्या दाण्याच्या ड्युरमने त्याची जागा घेतली. तरीही आजच्या फुगीर पावाची अपेक्षा या पिठाकडून करू नये. त्यातील ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, कमकुवत असते, त्यामुळे कणीक चटकन चिकट होते आणि जास्त तिंबली तर सैल पडते. पाणी बेताने घालावे, थोडेच मळावे, वीस मिनिटे झाकून ठेवावे आणि आंबवायचे असल्यास फुगण्याचा वेळ कमी ठेवावा. कमकुवत असले तरी ते ग्लुटेनच आहे; सीलिएक म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार असलेल्यांना हा गहू चालत नाही, मग विक्रेता काहीही सांगो. अखंड दाण्याच्या पिठात अंकुरातील तेल असल्याने ते काही आठवड्यांत खवट होऊ लागते.

बियाणे ठेवायचे असेल, तर ते सोलू नये. कांडताना अंकुराला इजा होते, म्हणून थंड हंगामात अखंड कणिशकच तीन ते पाच सेंटिमीटर खोल पेरतात आणि एका जागी बहुधा दोन रोपे उगवतात. काही खपली वाण तांबेरा या बुरशीच्या रोगाला दाद देत नाहीत. अमेरिकेत मॅकफॅडन या पैदासकाराने यारोस्लाव्ह नावाच्या खपलीचा संकर मार्क्विस या पावाच्या गव्हाशी करून ‘होप’ हे वाण काढले आणि त्यातून आलेले एसआर२ हे तांबेरा रोखणारे जनुक जगभरच्या गव्हात वापरले गेले. म्हणून शेजारच्या साध्या गव्हावर तांबेरा दिसला, तर खपलीच्या वाफ्यात कोणती झाडे निरोगी उभी आहेत ते पाहून त्यांच्या ओंब्या वेगळ्या बांधून ठेवाव्यात.